फदिलाकडच्या दोन भेटी आणि माझ्याकडची एक

सोमवार, १ डिसेंबर

बोलायला बंदी झाली म्हणून लिहिते आहे. दुसरे कारण नाही.

आज मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, तळघरात निर्वासितांसाठी शिधावाटप होते. रांगेतली एक सीरियन बाई मसूर तळहातावर घेऊन म्हणाली, "बाई, यात खडे आहेत." मी म्हणाले, "एक्क्याऐंशी साली तुमच्या लष्कराने आमच्या झाहले शहराला वेढा घातला, तेव्हा आम्हीही खडे निवडूनच खात होतो. फरक एवढाच की तेव्हा वरून तोफगोळेही पडत होते." खोटे काय बोलले? पण परदेशातले दोन देणगीदार शेजारी उभे होते आणि त्यांच्या दुभाष्याने शब्दन् शब्द त्यांना समजावून सांगितला.

संध्याकाळी समिती बसली. पाळक हबीब म्हणाले, "वदादबाई, हे देवाला सांगा, नाहीतर घरी वहीत लिहा. वाटपाच्या टेबलावर लढाईचा एक शब्द नको. वचन द्या." दिले. मी दिलेले वचन मोडत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणूनच मागितले.

तर ही वही. शाळेच्या शिल्लक वह्यांतली. चौतीस वर्षे मुलींना भूगोल शिकवला, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापिका होते. वह्यांना तोटा नाही.

वाटपावरून काढून मला घरभेटींचे काम दिले आहे. शिक्षा आहे ती. जॉर्जेट म्हणते, "इतका राग आहे तर सोडून दे ना." का सोडू? मंडळी माझी आहे. पाहुणे कुणीही बोलावले असोत, घर नीट ठेवायचे काम घरच्या माणसाचे.

बुधवार, ३ डिसेंबर

घरभेटीची पद्धत मीच दोन वर्षांपूर्वी घालून दिली होती. आता तिच्याच दावणीला बांधली गेले!

आदल्या दिवशी कुटुंबाला निरोप द्यायचा. घरात जे दिसेल ते लिहायचे, जे ऐकवले जाईल ते नाही. मग वर्ग ठरवायचा. पहिला वर्ग — शिधा, पांघरुणे आणि हिवाळाभर डिझेल. दुसरा — शिधा आणि पांघरुणे. तिसरा — नुसता शिधा. सही झालेला कागद बदलायचा तर सही करणाऱ्यानेच पुन्हा जाऊन बघायचे. दुसऱ्या कुणी, पाळकांनीसुद्धा, त्याला हात लावायचा नाही.

माझ्याआधी हे काम जॉर्जेटकडे होते. मंडळीत पेटी वाजवते, आम्ही बैरूतला कॉलेजात एका खोलीत राहायचो. मन लोण्याचे. तिने एकशे चार कुटुंबांपैकी एकशे चार पहिल्या वर्गात घातली. डिझेल गेल्या जानेवारीतच संपले आणि खरोखर गारठलेल्यांना काही उरले नाही. त्याला दया म्हणत नाहीत.

शनिवार, ६ डिसेंबर

मुअल्लका वस्तीच्या खालच्या अंगाला अर्धवट बांधून सोडलेली इमारत. तीन मजले, तीन कुटुंबे, सगळी सीरियातल्या कुसैरची. तळमजल्यावर कॉफी मिळाली — सोनेरी कडेचे पांढरे कप, मोराचे चित्र असलेले तबक. पहिल्या मजल्यावर कॉफी मिळाली — सोनेरी कडेचे पांढरे कप, मोराचे तबक, कप अजून ओले. त्या दोन्ही घरांत शेगड्या थंड होत्या. दुसरा वर्ग दिला.

दुसऱ्या मजल्यावर खिडक्यांना काचा नाहीत, प्लास्टिक ठोकलेले. आत मात्र डिझेलची शेगडी लालबुंद. ताटलीत संत्री, अक्रोड, टेकायला नवी उशी. घरात चौघी — फदिला, तिच्या दोन मुली आणि म्हातारी सासू, जिला सगळे हज्जा म्हणतात. फदिलाचा नवरा रिदवान कुसैरमध्ये मारला गेला. हे ऐकवले गेले, म्हणून कागदावर लिहिले नाही.

कॉफी आली. तेच कप.

मी म्हणाले, "या कपांची आणि माझी आज तिसरी भेट."

फदिला कानापर्यंत लाल झाली. म्हातारी मात्र ओढणीआड खोकली आणि म्हणाली, "तुम्ही गुडघा धरत चढलात बाई, ते मागच्या जिन्याने आले. तरुण आहेत ते."

"आणि संत्री?"

"तीही पायीच आली."

"आत्याबाई, पुरे," फदिला म्हणाली.

"पाहुणीला जरा हसू नको का यायला?"

"मी पाहुणी नाही. तपासायला आले आहे."

"दारातून आत आली ती पाहुणी. तपासणी तुमच्या डोक्यात, कॉफी आमच्या हातात. घ्या, निवते आहे."

प्यायले. कुणाच्या घरात बसून कप परत करण्याइतकी मी असंस्कृत नाही. मग लिहिले — शेगडी पेटलेली, खोली उबदार. फळे. अक्रोड. उशी नवी. तिसरा वर्ग. सही.

फदिला पेनाकडे बघत होती. "काय लिहिलंत, बाई?"

"दिसलं ते."

उसने आणले होते, हे मला कळत नाही असे नाही. मी याच दरीत जन्मले. घरी कोणी येणार म्हटल्यावर शेजारणीच्या कपाटातून तबक काढणारी आई मीही पाहिली आहे. पण उसने कुठले आणि स्वतःचे कुठले, हे कपावर लिहिलेले नसते. आणि या लोकांवर विश्वास टाकण्याचे मला काहीएक कारण नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

समितीत जॉर्जेटने फदिलाचा कागद उचलून धरला. "वदाद, अख्ख्या जिन्याने तासाभरापुरतं डिझेल गोळा करून त्या घरात ओतलं होतं. तू यायची म्हणून. म्हातारीचा हट्ट — थंड खोलीत पाहुणीला बसवणार नाही."

"मग पेटवली हे खरं ना? तेच लिहिलंय."

"तुझ्या आईच्या अंत्यविधीला चाळीस खुर्च्या होत्या. त्यांतल्या तुझ्या किती?"

"सहा."

"मग?"

"त्या खुर्च्या दाखवून मी कुणाकडे डिझेल मागितलं नव्हतं."

"त्यांनीही मागितलं नव्हतं. आपण गेलो होतो त्यांच्या दारी, वही घेऊन."

मी मागच्या बैठकीचे इतिवृत्त वाचायला घेतले.

शनिवार, २० डिसेंबर

डिझेलवाटप. फाटकावर यादी घेऊन मी. फदिला रिकामा डबा घेऊन आली.

"नाव नाही."

"हज्जाच्या छातीत घरघर आहे."

"डॉक्टर शुक्रवारी बसतात."

"शुक्रवारी दाखवलं. ते म्हणाले, ऊब द्या. ऊब कुठल्या वारी मिळते?"

मी यादी तिच्यापुढे धरली, बोट ठेवून रेघ दाखवली. ती म्हणाली, "बोट काढा बाई. कुसैरला मी शाळेत शिकवत होते, मला वाचता येतं." आणि गेली. ताठ मानेने. मला ताठ मान आवडते, वर्गात अशाच मुलींना मी पुढे बसवत असे. पण कागदावर मानेसाठी रकाना नाही.

गुरुवार, २५ डिसेंबर

नाताळ. पाळकांचा उपदेश — अवघडलेल्या आईला सरायीत जागा नव्हती. दर वर्षी तोच. या वर्षी माझ्याकडे बघून.

घरी येऊन नबीहच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. माझा धाकटा भाऊ. एक्क्याऐंशीच्या एप्रिलात, वेढ्याच्या दुसऱ्या आठवड्यात, भाकरी आणायला म्हणून गेला. डोंगरावरून एकच गोळा आला. रस्त्यातल्या लोकांनी भाकऱ्या आणून दिल्या घरी. त्या पोचल्या. तो तेवीस वर्षांचा होता, मी एकोणतीस. त्या दिवसापासून या उंबऱ्याच्या आत एकही सीरियन आलेला नाही. सामान पोचवणारा हमालसुद्धा पायरीवर ठेवून जातो.

पाळक म्हणतात, शत्रूवर प्रीती करा. त्यांचे घर बैरूतला होते.

सोमवार, ५ जानेवारी

रेडिओवर सांगतात, उद्यापासून वादळ, दरीत गुडघाभर बर्फ. पाळक घरी आले. बसले नाहीत, टोपी हातात. "वदादबाई, मी तुमच्या नियमाला हात लावत नाही. फक्त पुन्हा एकदा जाऊन या."

मी म्हणाले, "गरज दिसली तर जाईन."

"जाल तेव्हाच दिसेल ना?"

मी छत्री आणून त्यांच्या हातात दिली. म्हातारी झाले आहे बहुधा.

गुरुवार, ८ जानेवारी

गेले. आदल्या दिवशी निरोप न देता. नियम माझाच, मोडलाही मीच. निरोप दिला की पुन्हा मोर येणार, पुन्हा संत्री. मला घर बघायचे होते, नाटक नव्हे.

सकाळचे अकरा. जिन्यावर बर्फ वाऱ्याने आत आलेला. दार वाजवून ढकलले. शेगडी थंडगार. एकाच गादीवर चौघी, मधे म्हातारी, वरून असेल नसेल ते सगळे पांघरलेले, एक गालिचाही. श्वासाची वाफ दिसत होती. म्हातारीची घरघर दारापर्यंत ऐकू येत होती. नवी उशी कुठेच नव्हती — ती खालच्यांची.

फदिला उठली. ओढणी नीट केली. थोरल्या मुलीला म्हणाली, "खाली जा, कॉफी—"

मी दारात आडवी उभी राहिले. "कुणी कुठे जायचं नाही. काही आणायचं नाही. जसं आहे तसं राहू दे."

आणि पेन काढले. गादी एक. शेगडी थंड. अन्न — अर्धी पिशवी बुरगुल (गव्हाची भरड). आजारी वृद्धा. पहिला वर्ग. सही केली. मला वाटले, मी चांगले काम करते आहे.

फदिला हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही माझ्या दारात उभं राहून मला पाहुणचार करू दिला नाहीत."

"तुमच्याच भल्यासाठी."

"तेव्हा घर सजवून दाखवलं तर खोटारड्या ठरलो. आज उघडं पडलेलं बघायला चोरासारख्या आलात. डिझेलसाठी आता काय, कपडेही उतरवायचे?"

"फदिला," गादीवरून म्हातारी म्हणाली.

"नाही आत्याबाई. आज बोलू द्या." तिने माझ्या हातातून कागद घेतला, शेगडीत टाकला आणि काडी ओढली. "घ्या. या घरात आज काहीतरी पेटलं."

धाकटी मुलगी हात शेकायला पुढे सरकली. तेवढ्यात कागद संपला.

मुलींना शिकवताना मला कुणी असे बोलले असते तर वर्गाबाहेर काढले असते. पण इथे वर्ग तिचा होता. मीच बाहेर पडले.

घरी येऊन दुसरा कागद भरला. त्यावर पहिला वर्गच लिहिला. रागात सही बदलण्याइतकी मी हलकी नाही.

शुक्रवार, ९ जानेवारी

गाडीवाल्याच्या हाती डिझेलचा डबा पाठवला. फदिलाने जिन्यातूनच परत केला. निरोप — "ज्या घरात आम्ही बसलो नाही, त्या घरचं घेत नाही."

"मंडळीचं डिझेल आहे, माझ्या घरचं कुठे?" मी म्हणाले.

जॉर्जेट कपाळाला हात लावून बसली. "वदाद, तू त्यांच्याकडे दोनदा गेलीस. एकदा कॉफी प्यालीस, एकदा पिऊ दिली नाहीस. उलट भेटीला त्यांना बोलावलंस का? आपल्याकडे शेजारीण एकदा येऊन गेली आणि तू तिला बोलावलं नाहीस, तर ती तुझ्याकडची मिठाची चिमूट तरी घेईल का?"

"त्या शेजारणी नाहीत."

"म्हणूनच घेत नाहीत."

"पाळकांच्या घरी बोलवा."

"पाळक नव्हते गेले दारात आडवे उभे राहायला."

माझ्या घरी. सीरियन. पाळकांनी लढाईवर बोलू नका सांगितले, तेव्हा वाटले होते याहून वाईट काही मागणार नाहीत!

म्हातारी थंडीत आहे. डबा माझ्या दाराशी आहे. आणि मधे काय आहे, तर एक कप कॉफी. ह्या लोकांचा अभिमानही मेला ह्यांच्याबरोबर स्थलांतर करून आला.

शनिवार, १० जानेवारी

निरोप पाठवला. सोमवारी, चार वाजता.

सोमवार, १२ जानेवारी

आल्या. फदिला आणि हज्जा. गाडी पाठवली होती. मुली खालच्यांकडे ठेवल्या. म्हातारीला पायऱ्या चढायला मी हात दिला नाही, जॉर्जेटने दिला. मग जॉर्जेटही आमच्यात बसली.

उंबऱ्यावर फदिलाने जोडे काढले. मी म्हणाले, राहू देत. ती म्हणाली, "चिखल आमचा आहे, फरशी तुमची."

कॉफी मी केली. संत्री, अक्रोड, आणि काल भाजलेली तिळाची बिस्किटे. शेगडी पेटलेली होती, ती रोजच पेटते. फदिला पाठ न टेकता बसली आणि खोलीवर नजर फिरवू लागली. सावकाश, कोपऱ्याकोपऱ्यातून. ती काय करते आहे हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

"शेगडी पेटलेली, खोली उबदार," ती म्हणाली. "फळं. अक्रोड. उशा — सात. खोल्या चार, माणूस एक." मग माझ्याकडे बघून, "तिसरा वर्ग, बाई."

जॉर्जेटच्या घशात बिस्कीट अडकले. मी म्हणाले, "बरोबर आहे. नुसता शिधा." आणि फदिला हसली. मीही हसले असेन. लिहून ठेवते, कारण जे घडले ते लिहायचे.

हज्जाने दोन्ही हातांनी कप धरून शेवटच्या घोटापर्यंत कॉफी प्यायली. तिची नजर नबीहच्या फोटोवर होती.

"मुलगा?"

"भाऊ."

"कधी?"

वचन वाटपाच्या टेबलापुरते होते. हे माझे घर. म्हणाले, "एप्रिल एक्क्याऐंशी. भाकरी आणायला गेला होता. तुमच्या तोफेने."

फदिला खाली बघू लागली. हज्जाने कप बशीत ठेवला. मग म्हणाली, "बाई, तुमची कॉफी पोटात गेली. आता न सांगता उठले तर ती माझ्या पोटात राहायची नाही."

"आत्याबाई, नको," फदिला म्हणाली.

"माझा थोरला, मुहसिन, त्या वर्षी सक्तीच्या लष्करात होता. वीस वर्षांचा. इथे, या तुमच्या डोंगरावर. तोफेला गोळे उचलून द्यायचं काम. सुट्टीवर आला तेव्हा सांगायचा — खाली लाल कौलं दिसतात, मधून नदी जाते. मी विचारलं, कुणाला लागलं का रे? तो म्हणाला, आई, जेवायला वाढ. पुन्हा मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही."

"कुठे आहे तो?" माझा आवाज मला शाळेतला वाटला.

"दोन वर्षांपूर्वी होम्सला गेला. त्यानंतर काही कळलं नाही. तुमच्या भावाला त्यानेच मारलं असं मी म्हणत नाही. नाही असंही म्हणता येत नाही मला. म्हणून सांगितलं."

मी उठले आणि दार उघडले. बोलण्याची गरज नव्हती.

फदिलाने म्हाताऱ्या सासूला उठवले, जोडे घातले. जॉर्जेट "वदाद, वदाद" करत राहिली. डिझेलचा डबा दाराशीच होता, पायरीवर. त्यांनी त्याला हात लावला नाही. मी उचलून दिला नाही. गाडीवाल्याला खूण केली असती तर त्याने ठेवला असता. केली नाही.

कप धुतले.

मंगळवार, १३ जानेवारी

डबा पायरीवर आहे.

बुधवार, १४ जानेवारी

आजही.

जॉर्जेट फोनवर — "तू उशीर करते आहेस."

"त्यांना पाय आहेत."

"कागदावर पहिला वर्ग तूच लिहिलास. सही तुझी आहे."

"कागद मंडळीकडे आहे. पाठवा तुम्ही."

"मंडळीतून दुसरा डबा पाठवला होता. पुन्हा परत आला. तुझ्या हातचा असेल तरच घेईन म्हणते फदिला."

फोन ठेवला. तुझ्या हातचा! मी ज्या घरातून हाकलले, त्या घरातून निघताना हिने कशाला असे ठरवावे? मला छळायला. दुसरे काय.

म्हातारीने गप्प बसायला हवे होते. कुणी विचारले होते तिला? डिझेल मिळाल्यात जमा होते. नुसती कॉफी पिऊन उठली असती तर आज उबेत असती. स्वतःच्या तोंडाने स्वतःची शेगडी विझवली. इतके खरे बोलायची गरज काय असते माणसाला?



शुक्रवार, १६ जानेवारी

थंडी उणे नऊ. गाडीवाल्याला उद्या सकाळी सातला यायला सांगितले आहे. डबा मीच घेऊन चढणार. क्षमा वगैरे काही नाही. सहीचा प्रश्न आहे.

शनिवार, १७ जानेवारी

जिन्यात बायका उभ्या होत्या. तेव्हाच कळले.

हज्जा पहाटे गेली. फदिलाने मला डब्यासकट दारात पाहिले आणि बाजूला सरली. आत जाऊ दिले. मी डबा ठेवला. म्हातारीला त्यांनी धुऊन पांढऱ्या कापडात गुंडाळले होते. खालच्या बाईने कॉफी आणली. तेच कप. प्यायले.

मग जागेचा प्रश्न. त्यांच्यात त्याच दिवशी मातीत द्यावे लागते. खालचा माणूस सकाळपासून फिरत होता. तीन गावांच्या कबरस्तानांनी नाही म्हटले. एक म्हणाले, जागा फक्त गावकऱ्यांसाठी. दुसरे म्हणाले, एकीला दिली की उद्या शंभर येतील. तिसऱ्यांनी दारच उघडले नाही. तेही मुसलमान, हेही मुसलमान!

पाळकांनी दुपारी समिती बोलावली. आमच्या कबरस्तानाच्या भिंतीबाहेरची पट्टी द्यावी, हा ठराव. पाच विरुद्ध, दोन बाजूने. इतिवृत्त मी लिहिते, म्हणून खरे लिहिते — पाचातली एक मी. हात आपोआप वर गेला. चौतीस वर्षांची सवय आहे त्या हाताला.

पाळकांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

संध्याकाळी पुन्हा तो जिना चढले. शेगडी पेटवली नव्हती. मी आणलेला डबा तसाच. मी फदिलाला म्हणाले, "मुलींसाठी तरी पेटव." ती म्हणाली, "मय्यत घरात आहे बाई. ऊब चालत नाही तिला आता." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

मी विचारले, "तिने सांगायला नको होतं असं तुला वाटतं?"

"मला? मी तिला गाडीत चढताना वीसदा बजावलं होतं, फोटो दिसला तर गप्प बसा. जॉर्जेटबाईंनी तुमच्या भावाचं आधीच सांगितलं होतं." मग थोड्या वेळाने, "ती म्हणाली, मग तिथे कॉफी कशी पिऊ?"

रविवार, १८ जानेवारी

उपासनेला गेले नाही.

आज दिलेल्या ताब्याची नोंद —

जागा : टेकडीच्या उतारावरची, माझ्या आईच्या नावची द्राक्षबाग, तिचा वरचा कोपरा. लांबी सात फूट, रुंदी तीन. बर्फ काढून खणली. तोंड दक्षिणेकडे, फदिलाने सांगितले तसे.

देणार : मी, वदाद.

घेणार : फदिला, सून. सही तिची, स्वच्छ अक्षरात.

साक्षीदार : जॉर्जेट, पाळक हबीब (उपासना आटोपून आले).

नगरपालिकेची परवानगी : मागितली नाही.

मोबदला : नाही.

मुदत : नाही.

येण्याजाण्याची वाट : फदिलाला, तिच्या दोन्ही मुलींना; आणि मयताचा थोरला मुलगा मुहसिन जिवंत असला व कधी आला, तर त्यालाही. बागेची वाट माझ्या अंगणातून जाते.